कुंपण आणि शेत : हेज फंडाची ओळख
एकत्र कुटुंबांत पैशाची गोष्ट निघाली, कीं वडीलधारी माणसें टपालकचेरीचें व बँकेचें नांव घेतात आणि मुंबईस नोकरीला असलेला पुतण्या 'हेज फंडा'चें. शब्द भारदस्त वाटतो. पण त्याचा अर्थ विचारला असतां बहुधा कोणी सांगत नाहीं. वास्तविक तो समजावून घेणें फारसें अवघड नाहीं.

'हेज' म्हणजे कुंपण. नाशिक जिल्ह्यांत गुजरातच्या सीमेलगत असलेल्या सुरगाणा तालुक्यांतील शेतकरी सखल खाचरांत भात लावतो आणि उतारावर नागली पेरतो. पावसानें ओढ दिली तर भातपीक सुकतें, पण नागली तग धरते. एका पिकाचें नुकसान दुसऱ्यानें सांवरावें, ही ती योजना. हेज फंडाची मूळ कल्पना हिच्याच जवळची आहे. मात्र त्याच्या हातीं आणखी एक साधन असतें, तें म्हणजे भाव पडण्यांतून नफा काढण्याचें.

तें असें. शेजाऱ्याचें भाताचें पोतें उसनें आणून कोणी तें आज २,००० रुपयांस विकलें, आणि सुगींत भाव उतरल्यावर तसेंच पोतें १,५०० रुपयांस घेऊन परत केलें, तर ५०० रुपये उरतात. शेअरबाजारांतही असेच उसने शेअर विकतां येतात. मात्र भाव चढत गेला तर नुकसानीस सीमा राहत नाहीं. कारण उसनें फेडणें भागच असतें.

आतां एकाच धंद्यांतील सबळ कंपनीचे १०० रुपयांचे शेअर घेतले व दुबळीचे १०० रुपयांचे उसने घेऊन विकले, असें समजा. बाजार कोसळून पहिले ८५ वर व दुसरे ७० वर आले, तर १५ रुपये गेले, पण ३० मिळाले. बाजार चढून पहिले १३० व दुसरे १२० झाले, तरी १० रुपये हातीं लागतात. बाजाराची दिशा ओळखावी लागत नाहीं. कंपनीची पारख मात्र अचूक हवी. ती चुकली, तर कुंपण असून नसल्यासारखेंच.

या पद्धतीचें जनकत्व अमेरिकेंतील आल्फ्रेड विन्स्लो जोन्स यांजकडे देतात. १९४९ सालीं त्यांनीं १ लक्ष डॉलरांच्या भांडवलावर आरंभ केला. त्यांपैकीं ४० हजार त्यांचे स्वतःचे होते. पुढें ते नफ्याचा पांचवा हिस्सा मोबदला म्हणून घेऊं लागले. नंतरच्या पुष्कळ चालकांनीं त्यावर भांडवलाच्या शेकडा दोनपर्यंत वार्षिक आकार जोडला. मग नफा होवो वा न होवो.

असा नफा थोडाथोडाच असतो. तो मोठा करण्यासाठीं फंड कर्ज काढतात, आणि अनर्थाचें मूळ येथेंच आहे. 'लाँग टर्म कॅपिटल मॅनेजमेंट' या अमेरिकन फंडाचे दोन भागीदार, मायरन शोल्स व रॉबर्ट मर्टन, यांस १९९७ सालीं अर्थशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळालें. पण फंडाच्या सुमारें ४७० कोटी डॉलरांच्या भांडवलावर १२,००० कोटींहून अधिक कर्ज उभें होतें. १९९८ च्या ऑगस्टमध्यें रशियानें कर्जफेड थांबविली आणि घाबरलेल्या बाजारांत फंडाचे बहुतेक अंदाज एकदमच उलटले. सप्टेंबरांत १४ बँका व पेढ्यांनीं ३६० कोटी डॉलर ओतून तो सांवरला. कुंपणानेंच शेत खाल्लें, तें असें.

आपल्याकडे सेबीच्या २०१२ च्या नियमांप्रमाणें असे फंड पर्यायी गुंतवणूक निधींच्या तिसऱ्या वर्गांत मोडतात. सर्वसाधारण गुंतवणूकदारास त्यांत किमान १ कोटी रुपये घालावे लागतात, आणि फंडाच्या व्यवहारांचा पसारा त्याच्या मूल्याच्या दुपटीबाहेर नेतां येत नाहीं. हा उंबरठा मुद्दामच उंच ठेवला आहे. पैसे बुडाले तरी ज्याचें घर चालेल, त्यानेंच तो ओलांडावा.

एकत्र कुटुंबांत पैसा एकाच्या नांवावर असला, तरी त्यांत आजीचें औषधपाणी असतें आणि नातीचें शिक्षणही असतें. म्हणून पुतण्यास तीन प्रश्न अवश्य विचारावे : फंडावर कर्ज किती, चालकाचा मोबदला किती, आणि हवे तेव्हां पैसे परत मिळतात काय? उत्तरें समाधानकारक आलीं, तरी पेरणीचें धान्य आधीं बाजूस काढून ठेवणाऱ्या शेतकऱ्याचा धडा विसरूं नये. बियाण्याची कणगी डावावर लावावयाची नसते.