संमतीची कायदेशीर संकल्पना : देसाईगंज ते भारतीय न्याय संहिता

प्रतिकाराचा अभाव म्हणजे संमती काय? तत्कालीन चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंज पोलीस ठाण्यात १९७२ मध्ये एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. भीतीपोटी पत्करलेली शरणागती ही संमती नव्हे, असे मानून उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने दोन पोलिसांना दोषी ठरविले. परंतु अंगावर जखमा नाहीत, यावर भर देऊन सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये त्यांना निर्दोष सोडले. उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर व लतिका सरकार या विधिअध्यापकांनी १९७९ मध्ये खुले पत्र लिहून संमती व शरणागती यांतील भेद मांडला.

पुढे २०१३ च्या दुरुस्तीने संमतीची व्याख्या केली : शब्द, हावभाव वा अन्य संकेतांनी व्यक्त झालेली निःसंदिग्ध, ऐच्छिक तयारी. केवळ शारीरिक प्रतिकार केला नाही म्हणून संमती मानता येत नाही, हेही स्पष्ट झाले. भारतीय न्याय संहितेच्या कलम ६३ मध्ये ही व्याख्या कायम आहे. मात्र अठरा वर्षांवरील पत्नीबाबतचा अपवादही कायम आहे.

कायदा होकार शोधू लागला, तरी ‘ओरडली का नाही?’ हा प्रश्न संपलेला नाही. महाविद्यालयीन तक्रार समितीवर काम करणाऱ्या प्राध्यापकांनी तो प्रथम स्वतःच्या मनातून काढून टाकणे अगत्याचे आहे.