थेंबे थेंबे टाकी रिकामी

थेंबे थेंबे तळे साचे, असं आपण म्हणतो. त्याच हिशेबानं थेंबाथेंबानं टाकीही रिकामी होते. गळक्या तोटीखाली दहा मिनिटं वाटी ठेवून पाहा. शंभर मिलिलिटर पाणी जमलं, तर दिवसाला चौदा लिटरांहून जास्त, म्हणजे चांगली बादलीभर पाणी गटारात जातं. वसई-विरारला सूर्या नदीवरच्या धामणी धरणाचं पाणी कितीतरी मैलांवरून येतं. नळाला ठरावीक वेळीच पाणी येणाऱ्या घराला ही बादली परवडणारी नाही.

राजोडी, कळंब, अर्नाळा अशा किनाऱ्याच्या गावांत आणखी एक अडचण असते. विहिरीचं किंवा बोअरिंगचं पाणी मचूळ असेल, तर त्यातले क्षार पितळेतलं जस्त हळूहळू काढून घेतात. मग पितळ तांबूस, ठिसूळ होतं आणि आटे झिजतात. जड पाण्याचा पांढरा थर बसतो तो वेगळाच.

तोटी बदलण्याआधी तिचा वायसर पाहावा. बऱ्याचदा गळती तेवढ्यानंच थांबते. तोटीच झिजली असेल, तर मात्र नवी आणावी. जुनी तोटी किंवा तिचं माप दुकानात न्यावं. भिंतीतून येणारी सिंकची तोटी बहुधा अर्धा इंची, म्हणजे पंधरा मिलिमीटरची असते. तिची मान सिंकच्या मध्यापर्यंत पोचते ना, हेही पाहावं. घरात वयस्कर माणसं असतील, तर पाव फेऱ्यात उघडणारी तोटी घ्यावी. मनगटाला त्रास होत नाही.

आता काम. टाकीकडून स्वयंपाकघरात येणारा कॉक बंद करा आणि तोटी उघडून पाइपातलं पाणी जाऊ द्या. सिंकच्या भोकावर फडकं टाका, म्हणजे वायसर आत पडणार नाही. मग पान्ह्यानं तोटी उलटी, म्हणजे डावीकडे फिरवा. हलली नाही तर जोर करू नका. सांध्यावर व्हिनेगरमध्ये भिजवलेलं फडकं तासभर गुंडाळून ठेवा, क्षार मऊ होतात. तोटीबरोबर भिंतीतला पाइपही फिरू लागला, तर तिथेच थांबा आणि प्लंबरला बोलवा. आतला सांधा तुटला, तर शंभर रुपयांच्या कामापायी फरशी फोडावी लागते.

तोटी निघाली की भिंतीतल्या आट्यांमधला जुना टेप आणि कचरा जुन्या दातांच्या ब्रशनं काढा. नव्या तोटीत आधी भिंतीलगतची चकती घाला. आटे आपल्याकडे धरून त्यावर टेफ्लॉन टेप घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनं आठ-दहा वेढे ताणून गुंडाळा. दिशा महत्त्वाची, कारण उलटा गुंडाळलेला टेप तोटी बसवताना सुटत जातो.

तोटी आधी हातानंच फिरवा. सरळ आटा धरला, की ती सहज आत जाते. तिरकी बसली तर काढून पुन्हा लावा. शेवटचा एखादा फेरा पान्ह्यानं द्यावा, मध्ये फडकं धरून, म्हणजे चकाकी खराब होत नाही. तोंड खाली येण्यासाठी तोटी मागे फिरवू नका, सांधा गळतो. काढून टेपचे दोन वेढे वाढवा आणि पुन्हा बसवा.

शेवटी कॉक हळूहळू उघडा. तोंडाला जाळी असेल, तर काढून थोडं पाणी जाऊ द्या. आतला कचरा निघून जातो. हे पहिलं पाणी झाडांना घाला, पिऊ नका. मग सांध्याखाली वर्तमानपत्राचा कोरडा कागद ठेवा. अर्ध्या तासानं तो कोरडाच असेल, तर तुमचं काम पक्कं झालं. प्लंबरची वाट पाहण्यात जाणाऱ्या चार दिवसांच्या चार बादल्याही वाचल्या.