नांदेडचा विमानतळ : गैरसमज आणि वस्तुस्थिती

बीड जिल्ह्यात प्रवासी विमानसेवेचा विमानतळ नसल्यामुळे माजलगाव परिसरातील प्रवाशांना छत्रपती संभाजीनगर किंवा नांदेड गाठावे लागते. गावोगावी विमानतळाची मागणी होत असताना नांदेडच्या श्री गुरु गोबिंदसिंहजी विमानतळाविषयी रूढ झालेल्या समजुती तपासून घेणे आवश्यक आहे.

गैरसमज : हा विमानतळ गुरु-ता-गद्दी सोहळ्यासाठी उभारला गेला.
वस्तुस्थिती : सार्वजनिक बांधकाम विभागाने तो 1958 मध्येच बांधला होता. गुरु गोबिंदसिंहांनी 1708 मध्ये नांदेड येथे ग्रंथसाहिबाला गुरुपद दिले, त्या घटनेच्या, म्हणजेच गुरु-ता-गद्दीच्या, त्रिशताब्दीनिमित्त 2008 मध्ये त्याचा विस्तार होऊन धावपट्टी सुमारे 2,300 मीटर लांब झाली आणि रात्री विमान उतरवण्याची सोय झाली. अशा सोयीत धावपट्टीच्या कडेला चार दिव्यांची ओळ असते. वैमानिकाला त्यांतील दोन पांढरे व दोन तांबडे दिसले तर उतरण्याचा कोन योग्य असतो आणि चारही तांबडे दिसले तर विमान धोकादायकरीत्या खाली आलेले असते.

गैरसमज : विमानतळ खासगी कंपनीला विकला गेला.
वस्तुस्थिती : महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाने 2009 मध्ये नांदेड, लातूर, बारामती, यवतमाळ आणि उस्मानाबाद (आताचे धाराशिव) येथील विमानतळ रिलायन्स समूहातील कंपनीला 95 वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिले. भाडेपट्ट्याने ठरावीक मुदतीपुरता, अटींसह वापराचा हक्क मिळतो. जमिनीची मालकी मिळत नाही.

गैरसमज : ‘उडान’ योजनेत प्रत्येक तिकीट 2,500 रुपयांना मिळते.
वस्तुस्थिती : केंद्र सरकारच्या या प्रादेशिक विमानसेवा योजनेच्या आरंभी 2,500 रुपयांची कमाल मर्यादा साधारण एका तासाच्या प्रवासासाठी आणि विमानातील सुमारे निम्म्याच आसनांसाठी ठरवण्यात आली होती. खर्च आणि उत्पन्न यांतील तूट भरून काढणारे साहाय्य, म्हणजे ‘व्यवहार्यता तफावत निधी’, विमान कंपनीला तीन वर्षेच मिळते.

गैरसमज : धावपट्टी झाली की विमानसेवा आपोआप सुरू राहते.
वस्तुस्थिती : एप्रिल 2017 मध्ये ‘उडान’च्या पहिल्याच दिवशी नांदेड–हैदराबाद सेवा सुरू झाली, परंतु ती चालवणाऱ्या ट्रूजेटची उड्डाणे 2022 मध्ये थांबली आणि स्टार एअरची सेवा सुरू होण्यास 2024 उजाडले. मधल्या काळात धावपट्टी जागेवरच होती. नव्हते ते विमान. म्हणून विमानतळाची मागणी करताना केवळ जागा आणि बांधकाम यांचा नव्हे, तर अनुदान संपल्यानंतरही नियमित प्रवासी मिळतील का, अग्निशमन व सुरक्षेचा रोजचा खर्च कोण उचलेल, याचाही विचार मराठवाड्याने आग्रहाने केला पाहिजे.