वऱ्हाडाचे हत्ती आणि बहुमाध्यमी कथन

कादंबरीवर सिनेमा निघाला की त्याला सर्रास ‘बहुमाध्यमी कथन’ म्हटलं जातं. खरं तर ते माध्यमांतर (तीच गोष्ट दुसऱ्या माध्यमात). बहुमाध्यमी कथनात कथाविश्व एकच, पण प्रत्येक माध्यम स्वतःची भर घालतं. अंगतपंगतीत प्रत्येकाच्या डब्यात वेगळा पदार्थ असतो, तसं.

उदाहरणार्थ, अंबाजोगाईची योगेश्वरी देवी घ्या. परळीच्या वैजनाथाशी तिचं लग्न ठरलं, मुहूर्त टळला, वऱ्हाड दगड झालं, ही आख्यायिका तोंडी चालत आलेली. तिथल्या हत्तीखाना लेण्यातले दगडी हत्ती त्याच वऱ्हाडाचे, असं लोक सांगतात (ही भर श्रोत्यांचीच असणार). देवी कोकणातून आली, हा धागा तिला कुलदेवता मानणाऱ्या कोकणस्थ घरांनी जपला. आता मोबाइलवरच्या व्हिडिओंमुळे अशी भर लगेच गावाबाहेर पोचते आणि वेगवेगळे पाठभेद शेजारीशेजारी दिसतात.