एक पासवर्ड, दोन गावं

पारावर एकच पेपर दहा जण वाचायचे, आणि छापणाऱ्याला त्याचा पत्ताही नसायचा. आता असतो. समजा, नेटफ्लिक्सचं खातं केनवड गावातल्या घरच्या टीव्हीवर आहे आणि त्याच पासवर्डवर पुण्याच्या खोलीत मुलगा वेब सिरीज बघतोय. कंपनीला हे कळतं कसं?

प्रत्येक यंत्रावरचं ॲप सर्व्हरला आपली ओळखखूण सांगतं. सोबत इंटरनेटचा आयपी पत्ताही जातो. टीव्ही सहसा घर सोडत नाही, म्हणून नेटफ्लिक्स त्यालाच खुंटा मानतं. त्याच्या वायफायवर कधीच न दिसणारं यंत्र संशयित ठरतं.

मेख आहे ती मोबाइल डेटात. आयपीचे जुन्या पद्धतीचे पत्ते जगात जेमतेम 430 कोटी. ते पुरत नाहीत, म्हणून मोबाइल कंपन्या एकाच पत्त्याआड अनेक ग्राहक बसवतात. त्यामुळे गावातला माणूस नकाशावर भलत्याच शहरात दिसू शकतो! एकट्या पत्त्यावर विसंबून चालत नाही. वापराच्या सवयीही पाहाव्या लागतात.

याच नेटफ्लिक्सने 2017 मध्ये पासवर्ड देण्याला प्रेम म्हटलं होतं. 2022 मध्ये 10 कोटींहून जास्त घरं उसन्या पासवर्डवर असल्याचा हिशेब त्यांनी मांडला आणि प्रेम आटलं. जुलै 2023 मध्ये भारतातही बंधन आलं.

प्रवासातल्यांसाठी खातेदाराला तात्पुरता कोड मिळतो, तो 15 मिनिटांत टाकावा लागतो. माझ्या मते हे कुलूप नाही, कटकट आहे. आणि तेच अपेक्षित असावं. रात्री अकराला "आई, कोड सांग ना" असा फोन किती दिवस करणार?