पंचांच्या नजरेआडचे कोपर

हिंगोलीसारख्या जिल्ह्यातील हौशी फुटबॉलमध्ये व्हीएआर, म्हणजे दृश्य पडद्यावर पुन्हा पाहून पंचांना साहाय्य करणारी यंत्रणा, नसते. तरीही चेंडू दूर असताना मारलेले कोपर कडेच्या प्रेक्षकाच्या मोबाइलमध्ये टिपले जाऊ शकते.

अशा चित्रफितीने गोल परत मिळत नाही, कारण नियम क्रमांक ५ नुसार खेळातील घटनांबाबत पंचांचा निर्णय अंतिम असतो. मात्र पंचांच्या नजरेतून सुटलेल्या गंभीर गैरवर्तनावर शिस्तपालन समिती नंतर कारवाई करू शकते, जशी १९९४ च्या विश्वचषकात स्पेनच्या लुईस एन्रिकेचे नाक फोडणाऱ्या इटलीच्या मॉरो तासोत्तीवर फिफाने चित्रीकरणाच्या आधारे ८ सामन्यांची बंदी घातली.

तक्रारीसोबत काटछाट न केलेली मूळ फीतच द्यावी. संथ गतीत साधी धडकही हल्ल्यासारखी भासते.