साखळीत पैसा येतो कुठून?

नेटवर्क मार्केटिंग म्हणा, चेन मार्केटिंग म्हणा, डायरेक्ट सेलिंग म्हणा. ‘प्लॅन’ दाखवणाऱ्याच्या वहीत चित्र एकच असतं. वर एक गोल, त्याच्याखाली दोन किंवा सहा, त्या प्रत्येकाखाली पुन्हा तेवढेच. चित्र संपलं की चर्चा सुरू होते, आणि ती ठरलेल्या तीन वाटांनीच जाते. कंपनी खरी की खोटी? माल चांगला की भिकार? माणूस मेहनती की आळशी? या प्रश्नांना काहीच अर्थ नाही असं नाही, पण इथे कमाई होईल का, याचं उत्तर त्यांत सापडत नाही. त्यासाठी आणखी एक प्रश्न विचारावा लागतो, आणि तो सहसा कुणी विचारत नाही. कमिशन म्हणून जो पैसा वाटला जातो, तो साखळीबाहेरच्या गिऱ्हाइकाच्या खिशातून येतो की साखळीत शिरलेल्यांच्याच?

पहिला गैरसमज ‘कंपनी रजिस्टर्ड आहे’ या वाक्यात दडलेला असतो. कंपनी निबंधकांकडची नोंद, पॅन, जीएसटी क्रमांक, ट्रेडमार्क हे सगळं कोणत्याही कंपनीकडे असू शकतं. ती नोंद म्हणजे धंद्याच्या पद्धतीला सरकारने दिलेली शाबासकी नव्हे. २०१०-११ मध्ये गाजलेल्या ‘स्पीक एशिया’ने ११,००० रुपयांत सदस्यत्व देऊन ऑनलाइन सर्व्हे भरण्याचे पैसे देऊ केले होते. तिच्या जाहिराती झळकत होत्या, मोठमोठे मेळावे होत होते, आणि शेवटी प्रकरण मुंबई पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेकडे गेलं. कायद्याचं म्हणाल तर नुसती माणसं जोडण्यावर पैसे देणाऱ्या योजनांवर ‘प्राइझ चिट्स अँड मनी सर्क्युलेशन स्कीम्स (बॅनिंग) अ‍ॅक्ट, १९७८’ने बंदी घातली, त्याला आता चार दशकं उलटून गेली. २००७ मध्ये आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाने ॲमवे या डायरेक्ट सेलिंग कंपनीच्या योजनेला याच कायद्याच्या चौकटीत बसवलं. पुढे २०२१च्या डिसेंबरमध्ये केंद्राने ग्राहक संरक्षण कायद्याखाली डायरेक्ट सेलिंगचे नियम काढले. त्यांत पिरॅमिड योजनांना मनाई आहे आणि सामील होण्यासाठी प्रवेश फी घ्यायलाही मनाई आहे. सेमिनारमध्ये हेच नियम ‘आता सरकारनेच मान्यता दिली’ अशा थाटात पडद्यावर दाखवले जातात. वाहतुकीचे नियम आहेत म्हणून रस्त्यावरचा प्रत्येक चालक सुरक्षित ठरत नाही, तसंच हे.

उलट बाजूचा गैरसमजही तेवढाच चुकीचा आहे. ‘या सगळ्याच कंपन्या बेकायदा’ असं ठोकून देणारे स्वतःची बाजू कमजोर करतात, कारण समोरचा नियमांची प्रत काढून दाखवतो आणि वाद तिथेच संपतो. माल खरा असेल, तो परत करता येत असेल, प्रवेश फी नसेल आणि कमिशन विक्रीवर असेल, तर अशी कंपनी कायद्यात बसू शकते. या साखळ्या आणि पॉन्झी योजना यांचीही गल्लत होते. जानेवारी २०२५ मध्ये दादरची दुकानं बंद झाल्यावर उघडकीला आलेलं ‘टोरेस’ प्रकरण मुख्यतः दर आठवड्याला परतावा देण्याच्या आमिषाचं होतं. तिथे नव्या गुंतवणूकदाराचा पैसा जुन्याला दिला जातो, असा त्या प्रकाराचा साचा असतो. साखळी विक्रीत खरी वस्तू हातात येते आणि परताव्याचं लेखी वचन कुणी देत नाही. तेव्हा ती कायदेशीर असू शकते हे मान्य करूनच पुढचा प्रश्न विचारायला हवा. कायदेशीर आहे, मग फायदेशीर आहे का? लॉटरीचं तिकीटही राज्य सरकार विकतं.

आता वहीतल्या गोलांकडे येऊ. प्रत्येकाने सहा जण जोडले असं धरलं तर बाराव्या पायरीवरच ३६ कोटींहून अधिक माणसं लागतात, आणि २०११च्या जनगणनेत महाराष्ट्राची लोकसंख्या ११ कोटी २४ लाख होती. हा हिशेब अनेकांना ठाऊक असतो. त्यावरचं उत्तरही तयार असतं: रोज हजारो मुलं अठरा वर्षांची होतात, बाजार कधी संपत नाही, आणि कोणतीच साखळी इतकी वाढत नाही. हे उत्तर बरोबर आहे. बाजार संपण्याची भीती घालणं हा टीकाकारांचा लंगडा मुद्दा आहे, कारण तोटा व्हायला बाजार संपावा लागतच नाही. पाचच पायऱ्यांची साखळी घ्या: १, ६, ३६, २१६ आणि १,२९६, मिळून १,५५५ माणसं. यांतल्या १,२९६ जणांच्या खाली कुणीच नाही. २१६ जणांच्या खाली सहा-सहा आहेत, पण त्या सहांच्या खाली पुन्हा कुणी नाही. ज्यांच्या हाताखाली म्हणण्यासारखं जाळं आहे असे उरतात ४३. साखळी आणखी दोन पायऱ्या वाढली तरी शेवटच्या दोन पायऱ्यांवर असलेल्यांचं प्रमाण शेकडा ९७च राहतं. तळाची माणसं वर सरकतात हे खरं, पण आपल्या खाली नवा तळ तयार केल्याशिवाय त्यांना सरकता येत नाही.

प्रत्यक्षातली साखळी इतकी आखीव नसते, कुणी चाळीस जोडतो तर कुणी एकही नाही, असा आक्षेप इथे येतो. मग आकार सोडून देऊ. सगळ्यात वरचा सोडला तर साखळीतला प्रत्येक माणूस कुणीतरी एकाने आणलेला असतो. म्हणजे एक लाख माणसांच्या साखळीत आणलेली माणसं ९९,९९९. सरासरी काढली तर प्रत्येकाच्या वाट्याला पुरता एक माणूसही येत नाही. साखळी दोनाची असो, सहाची असो की वेडीवाकडी, हा आकडा हलत नाही. ज्याने चाळीस जोडले, त्याचा अर्थ आणखी एकोणचाळीस जणांच्या नावावर शून्य आहे. ‘फक्त दोन माणसं आणायची, दोन तर कुणीही आणतं’ हे वाक्य एकट्याला सांगितलं तर पटतं. सभागृहातल्या सगळ्यांना एकदम सांगितलं की ते खोटं ठरतं.

‘मेहनत करणारा मिळवतोच’ या श्रद्धेचा निकालही इथेच लागतो. मेहनतीने आणि बोलण्याच्या हातोटीने एखादा माणूस तळातून वर जाऊ शकतो, हे कुणी नाकारत नाही. पण सगळ्यांनी दुप्पट मेहनत केली तर साखळी मोठी होते, तळाचं प्रमाण तेवढंच राहतं. मेहनत कुठलं नाव कुठल्या गोलात बसेल एवढं ठरवते, गोलांची संख्या तिच्या हातात नसते. म्हणूनच स्टेजवर उभा केलेला यशस्वी माणूस खरा असूनही पुरावा म्हणून कुचकामी असतो. त्याच्यामागे किती जण गुपचूप बाहेर पडले, हे स्टेजवरून दिसत नाही.

अर्थात, माणसं जोडणं बाजूला ठेवून बाहेर माल खपवला तर हे गणित मोडता येतं. सगळा मुद्दा खरं तर इथे आहे. घरोघरी जाऊन विकणं हा प्रामाणिक धंदा आहे. दिवाळीचा फराळ करून विकणारी बाई, साड्यांचा गठ्ठा घेऊन ओळखीच्या घरी जाणारी बाई, दोघींचं गिऱ्हाईक पैसे देऊन मोकळं होतं, त्याला पुढे साड्या विकाव्या लागत नाहीत. १९५९ मध्ये गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन लिज्जत पापड सुरू केला. तिथे आजही बहिणींना लाटलेल्या पापडाचे पैसे मिळतात, नवी बहीण आणल्याचे नव्हेत. आणि तो पापड खाणारा माणूस त्या संस्थेचा कुणीही लागत नाही. साखळी विक्रीत मात्र विकत घेणारा बहुधा स्वतःच सदस्य असतो. महिन्याचे पॉइंट भरून ‘आयडी ॲक्टिव्ह’ ठेवायला तोच माल घेतो, आणि त्याच्याच पैशातला हिस्सा कमिशन बनून वर जातो.

सक्तवसुली संचालनालयाने एप्रिल २०२२ मध्ये ॲमवे इंडियाची ७५७ कोटींहून अधिक मालमत्ता जप्त केली, तेव्हा दिलेले आकडे या दृष्टीने पाहण्यासारखे आहेत. यंत्रणेच्या म्हणण्यानुसार सुमारे दोन दशकांत कंपनीने २७,५६२ कोटी रुपये गोळा केले आणि भारतातल्या व अमेरिकेतल्या वितरकांना ७,५८८ कोटी कमिशन दिलं. आरोप सिद्ध होतील की नाही, ते न्यायालय ठरवेल. आपल्यापुरता हिशेब इतकाच की गोळा झालेल्या शंभर रुपयांमागे २७-२८ रुपये परत वाटले गेले. खरेदी करणारे मुख्यतः सदस्यच असतील, तर सगळे सदस्य मिळून शंभर देतात, अठ्ठावीसच्या आत परत घेतात आणि उरलेल्या पैशांत त्यांच्याकडे माल येतो. हा माल घरखर्च म्हणून चालेल, त्याला कमाई कसं म्हणायचं? शेजारच्या भिशीशी ताडून पाहा. बारा बायका महिन्याला हजार टाकतात आणि प्रत्येकीला वर्षात एकदा बारा हजार मिळतात. भिशीतून कुणी श्रीमंत होत नाही, पण तसा दावाही कुणी करत नाही, आणि टाकलेला पैसा पुरा परत येतो.

‘माल उत्तम आहे’ हे म्हणणंही याच कसोटीवर घासावं लागतं. माल उत्तम असेलही. पण पाच-सात पायऱ्यांचं कमिशन मालाच्या किमतीतच बसवलेलं असतं. यावर असं सांगितलं जातं की इतर कंपन्या जाहिरातीवर आणि दुकानदारावर खर्च करतात, इथे तो पैसा तुम्हाला मिळतो. तर्क वाईट नाही. तो खरा असेल तर सदस्य नसलेला, तुमचा नातेवाईकही नसलेला माणूस छापील किमतीला तोच साबण आणि तीच प्रोटीन पावडर दर महिन्याला मागून घेईल. घेत असेल तर तुमच्याकडे धंदा आहे. घेत नसेल तर जास्तीची किंमत कमिशनच्या आशेवर मोजली जाते आहे, आणि ती आशा विकणं हाच खरा व्यापार आहे.

हा निव्वळ संशय नाही. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०१६ मध्ये हर्बालाइफ या कंपनीवर कारवाई केली. हर्बालाइफचे न्यूट्रिशन क्लब आपल्याकडेही ठिकठिकाणी दिसतात. क्लब चालवणाऱ्यांपैकी ५७ टक्क्यांना काहीच नफा नव्हता किंवा तोटा होता, असं आयोगाने नोंदवलं. कंपनीने २० कोटी डॉलर भरायचं मान्य केलं आणि वितरकांना मिळणारा किमान दोन-तृतीयांश मोबदला खऱ्या किरकोळ विक्रीवर आधारलेला असेल, अशी अट स्वीकारली. म्हणजे आयोगानेही नेमका तोच प्रश्न विचारला: बाहेरचं गिऱ्हाईक कुठे आहे? याच आयोगाने १९७९ मध्ये ॲमवेला पिरॅमिड ठरवलं नव्हतं, हे समर्थक आवर्जून सांगतात. ते खरं आहे. मात्र त्या निर्णयात वितरकांनी माल खरोखर पुढे विकावा, किरकोळ गिऱ्हाइकं दाखवावीत आणि न खपलेला माल परत घेतला जावा, या कंपनीच्या नियमांना वजन दिलं गेलं होतं. २०२४ मध्ये आयोगाने ७० कंपन्यांनी स्वतःच जाहीर केलेली उत्पन्नाची पत्रकं तपासली. बहुतेक सदस्यांची कमाई वर्षाला १,००० डॉलर किंवा त्याहून कमी निघाली, आणि त्यातून प्रवासाचा, सेमिनारचा, खरेदीचा खर्च वजा केलेला नव्हता.

यावर कंपन्यांचं सर्वांत सबळ उत्तर असं की बहुतेक जण कमाईसाठी आलेलेच नसतात, स्वस्तात माल मिळतो म्हणून सदस्य होतात. काहींच्या बाबतीत ते खरं असेल. पण मग त्यांना ‘उद्योजक’ म्हणू नये, गिऱ्हाईक म्हणावं, आणि सवलतीच्या खरेदीसाठी शनिवार-रविवार हॉटेलच्या सभागृहात गाड्यांची आणि परदेश सहलींची चित्रं दाखवू नयेत. ‘नोकरीतही वर साहेब आणि खाली शिपाई असा पिरॅमिडच असतो’ हा दुसरा लाडका युक्तिवाद. शिपायाला महिन्याचा पगार मिळतो, आणि तो मिळावा म्हणून त्याला आणखी दोन शिपाई आणावे लागत नाहीत. विमा एजंटलाही कमिशन मिळतं, पण पॉलिसी घेणारा एजंट होत नाही, आणि एजंट व्हायला परीक्षा द्यावी लागते. राहिलं ‘पॅसिव्ह इन्कम’. तळाचे लोक सतत गळत असतात, म्हणून जाळं टिकवायला वरच्यालाही कायम नवी माणसं आणावी लागतात. झोपेत पैसे मिळवून देणाऱ्या या धंद्यात रात्री अकरापर्यंत फोन का चालू असतात, त्याचं हे कारण.

‘पैसे बुडाले तर किती, पाच-दहा हजार’ असंही म्हटलं जातं. रोकड तेवढीच असेल. पण पहिल्याच दिवशी ओळखीच्या माणसांची यादी करायला लावतात. तिच्यात मेहुणा असतो, शाळेतला मित्र असतो, सोसायटीतले शेजारी असतात. धंदा बुडाला की दुकानाचा माल निम्म्या किमतीला तरी विकता येतो. या यादीतली माणसं एकदा फोन घ्यायची थांबली की तो हिशेब कुठल्याच पत्रकात येत नाही.

तेव्हा नेटवर्क मार्केटिंग कमाईचं साधन म्हणून करण्यासारखं आहे का? बाहेरचं गिऱ्हाईक बांधता आलं तर ती साधी विक्री आहे, आणि विक्री करायची तर साखळीची गरज नाही. गिऱ्हाईक नसेल तर करण्यासारखं नाही. प्लॅन दाखवणाऱ्याला दोन कागद मागा: गेल्या वर्षीचं त्याचं प्राप्तिकर विवरणपत्र आणि सदस्य नसलेल्या दहा माणसांच्या नावे फाडलेली बिलं. सामील होण्यासाठी फी मागितली तर तो २०२१च्या नियमांचा भंग आहे. तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५.